गेटवर केलेला फोन

माझ्या सुनेने कंपनीची नोकरी सोडून स्वतःचं काम सुरू केलं ते माझ्या पाठबळावर, असं पालघरात आमच्या ओळखीतले लोक म्हणतात. अगदी परवापर्यंत तीही तसंच म्हणायची. खरी गोष्ट अशी की तिला ती नोकरी मी सोडायला लावली, आणि तेही खोटं बोलून. मी त्र्याहत्तर वर्षांचा आहे. ज्यांनी माझं कौतुक केलं त्यांतले बरेच जण हे वाचतील, म्हणून घडलं तसं लिहितो.

मी मूळचा साताऱ्याकडचा. चोविसाव्या वर्षी बोईसरला आलो, सालवडला एका खोलीत चौघांबरोबर राहिलो आणि तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत केमिकलच्या कारखान्यात लागलो. चौतीस वर्षं शिफ्टमध्ये काढली, त्यातली शेवटची चौदा शिफ्ट इन्चार्ज म्हणून. आमच्याकडे पहिल्या दिवशी शिकवायचे ते हे की रिलीव्हर, म्हणजे तुमच्या जागी येणारा माणूस, आल्याशिवाय जागा सोडायची नाही. तुमची वेळ संपली म्हणून आतला माल उकळायचा थांबत नाही. रिलीव्हर आला नाही तर पुढचे आठ तासही तुम्हीच. अशा अडकलेल्या माणसाला सुटायला एकच वाट होती, ती म्हणजे गेटवर घरून फोन येणं. आत मोबाइल न्यायला बंदी असायची, तो गेटवरच्या कप्प्यात ठेवून जायचं. घरी गेटचा नंबर दिलेला असायचा, आणि तो कधी लावायचा हे बायकापोरांना समजावून ठेवलेलं असायचं. कुणी गेलं तर, किंवा जायच्या बेतात असलं तर. त्यामुळे वॉचमन आत येऊन ‘घरसे फोन है’ म्हणाला की माणूस हातातलं टाकून पळायचा आणि त्याला कुणी काही विचारायचं नाही.

ही वाट लोक खोटीही वापरत. एका ऑपरेटरची आजी मी दोन वर्षांत तीनदा वारलेली पाहिली. चौथ्या वेळी त्याला म्हणालो, "म्हातारीला जरा जपा, सारखी मरते." सगळी शिफ्ट हसली, तोही हसला आणि गुपचूप पंपाकडे गेला. अशी माणसं मला डोळ्यांवरून ओळखता यायची. त्याहून जास्त चीड यायची ती मीटरपाशी न जाता बसल्या जागी लॉगशीटमध्ये रीडिंग भरणाऱ्यांची. त्यापायी मी दोघांना घरी बसवलं होतं. हे सांगतो अशासाठी, की पुढे मी जे केलं ते न कळून केलं असं कुणाला वाटू नये.

निवृत्त झाल्यावर आम्ही पालघरला दुसऱ्या मजल्यावर घर घेतलं. मुलगा वापीला नोकरीला, आठवडाभर तिकडेच राहायचा आणि शनिवारी रात्री यायचा. सून तारापूरलाच एका मोठ्या औषध कंपनीत क्वालिटी विभागात होती. सकाळी सातला कंपनीची बस कोपऱ्यावर यायची, संध्याकाळी साडेसहाला सोडायची. हुशार बाई. आपल्या हाताखाली अकरा माणसं आहेत हे तिने घरात कधी जाणवू दिलं नाही. नात दीड वर्षाची असताना माझी बायको गेली. तेराव्याला पाहुण्यांत बोलणं निघालं की आता लेकराकडे कोण बघणार, सुनेला नोकरी सोडावी लागणार. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "काही सोडायची गरज नाही. मी आहे ना." सून माझ्या पाया पडली.

पहिले दोन महिने मला ते आवडलं. सुनेने एक लांबट वही आखून दिली होती. वेळ, काय खाल्लं, किती झोपली, शी कशी, ताप असल्यास किती. ती त्या कामातलीच, आणि मी लॉगशीटचा माणूस, त्यामुळे आम्हा दोघांनाही त्यात काही विचित्र वाटलं नाही. संध्याकाळी ती पायातल्या चपलाही न काढता वही वाचायची आणि मग लेकराला उचलायची.

पण दिवस अकरा तासांचा असतो. लहान मूल हे साधारण दर सात मिनिटांनी काहीतरी मागतं. मी दाराला वरची कडी घालायचो आणि पेपर उघडायचो, की नात पेपरखाली येऊन बसायची. खाली माझ्यासारखेच निवृत्त झालेले पाचसहा जण रोज दहा वाजता जमत. कधी केळव्याला जात, कधी मनोरकडे एकाच्या वाडीवर जेवायला. मी गॅलरीतून त्यांना बघायचो. त्यांतला एक वर मान करून विचारायचा, "काय आजीबाई, आज काय भरवलं?" बाकीचे हसायचे. मीही हसायचो आणि आत येऊन कडी तपासायचो. चौतीस वर्षांनंतर मला वाटलं होतं की आता आपल्याला कुणाची वाट पाहत थांबावं लागणार नाही. इथे तर रिलीव्हर साडेसहाशिवाय येतच नव्हता.

मी सुनेला सांगू शकत होतो. पाळणाघर होतं, बाई ठेवता आली असती. ती एकदा स्वतःहून म्हणालीही, "बाबा, दमता तुम्ही. दुपारपुरती एखादी बाई बघू का?" मी म्हणालो, काय दमायचंय, बसूनच तर असतो. सगळ्यांसमोर दिलेला शब्द मोडायचा नव्हता, पण त्यातून सुटायचं होतं. म्हणजे शब्द दुसऱ्या कुणीतरी मोडायला हवा होता.

टाळेबंदीच्या आदल्या वर्षीची गोष्ट. नात अडीच वर्षांची होती. त्या दिवशी सुनेच्या कंपनीत परदेशी गिऱ्हाइकांचे तपासनीस आले होते. ती महिनाभर त्याची तयारी करत होती. सकाळी लेकराचं नाक वाहत होतं आणि अंग किंचित कोमट होतं. ती दारात दोनदा मागे वळली. मी म्हणालो, "जा तू. सर्दी आहे नुसती. मी आहे."

अकराच्या सुमारास खालची मंडळी गाडीत बसून निघाली. कुठे ते मला माहीत नव्हतं. गाडी वळेपर्यंत मी बघत राहिलो. मागे नातीने माझा चष्मा बादलीत टाकला होता. तो काढला, पुसला, तिला थर्मामीटर लावलं. नव्व्याण्णव पॉइंट चार. मी वही उघडली आणि एकशेतीन पॉइंट दोन लिहिलं.

मग कंपनीच्या गेटवर फोन लावला. म्हणालो, क्वालिटीतल्या मॅडमच्या घरून बोलतोय, त्यांना लगेच घरी पाठवा. वॉचमनने विचारलं, "क्या हुआ, बाबूजी?" मी उत्तर दिलं नाही. गप्प राहिलो की पुढचा माणूस काय समजतो हे मला ठाऊक होतं. तो हलक्या आवाजात "जी, जी" म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

सातपाटीची एक मावशी आमच्याकडे आठवड्यातून तीनदा मासळी आणायची. ती त्या वेळी दारातच बसून बोंबील साफ करत होती, आणि नात तिच्यापुढे उकिडवी बसून पाटीतल्या एकेका बोंबलाला नाव देत होती. मावशी मला म्हणाली, "कोनाला फोन केलास?"

"सुनेला. पोरीला ताप चढलाय."

तिने मनगटाची मागची बाजू लेकराच्या कपाळाला लावली. "नाय रे. खेलल्याची गरमी हाय ती. पोरीला काय पन नाय."

मी म्हणालो, मशीनमध्ये बघितलंय. ती पाटी उचलताना म्हणाली, "मंग मशिनीला ताप आला असंल." तिने तो विषय तिथे सोडला. मी आत जाऊन तापाचं औषध चमच्यात ओतलं आणि नातीला पाजलं. सून येईल तेव्हा ताप उतरलेला असायला काही कारण हवं होतं.

ती पाऊण तासात आली. पायात अजून कारखान्यातले पांढरे बूट होते, केसांवर जाळीची टोपी होती. नात जमिनीवर बसून केळं खात होती. सून दारातच खाली बसली. तिने लेकराला जवळ घेतलं नाही, नुसती बघत राहिली, आणि मग तिला उलटी झाली. मी पाणी आणलं. म्हणालो, औषधाने उतरला बघ. तिने वही बघितली. एकशेतीन पॉइंट दोनवर बोट ठेवून ती बराच वेळ उभी होती.

डॉक्टरांना तिने तोच आकडा सांगितला. ते म्हणाले, आता तर ताप नाही, पण एकदम इतका चढत असेल तर पुढे जपायला हवं, कधीकधी अशा मुलांना झटके येतात. मी शेजारच्या खुर्चीवर बसलो होतो. तोंड उघडायची ती पहिली संधी होती.

तिकडे तपासणीत तिची माणसं गडबडली. तिला कुणी बोललं नाही. साहेब म्हणाले, घर पहिलं, तुम्ही बरोबर केलंत. आणि पुढच्या महिन्यात वरच्या जागेवर तिच्याऐवजी दुसऱ्याला बसवलं. त्यानंतर तिला आत राहवेना. दर तासाला गेटवर जाऊन कप्प्यातला मोबाइल बघून यायची, असं तिनेच सांगितलं. तिने राजीनामा दिला. मुलाने फोनवर मला विचारलं, "बाबा, तुमचं काय मत?" मी म्हणालो, "तिच्या मनाविरुद्ध काही नको. ती जे करेल त्याला माझा पाठिंबा आहे." हे वाक्य पुढे फार नावाजलं गेलं.

तिने बाहेरच्या खोलीत टेबल टाकलं. लहान कारखान्यांना परवाने, प्रदूषण मंडळाच्या संमत्या, तपासणीची कागदपत्रं लागतात आणि ती करायला त्यांच्याकडे माणूस नसतो. ते काम तिने घेतलं. लोकांना वाटतं स्वतःचं काम म्हणजे मोकळीक. मी ती मोकळीक सात वर्षं शेजारच्या खोलीतून पाहिली आहे. कुकरच्या शिट्ट्या होतात म्हणून ती गॅलरीचं दार लावून घेऊन फोनवर बोलायची. जेवताना फोन यायचा, "मॅडम, साहब लोग आ गए, फाइल किधर है?", आणि ती घास तसाच धरून कुठल्या कपाटात, कितवी फाइल, हे सांगायची. नात आजारी असली की टेबलाखाली गादी टाकायची. सुट्टीचा अर्ज करायला कुणी साहेब नव्हता, म्हणून सुट्टीही नव्हती. पूर्वी ती निदान बसमध्ये तरी एकटी असायची.

मी मात्र दहा वाजता खाली जाऊ लागलो. केळव्याला गेलो, मनोरला गेलो. पहिल्या सहलीत जेवण घशाखाली उतरेना. पुढे उतरायला लागलं, हेही लिहायला हवं.

मासळीवालीने एकदाच त्याचा उल्लेख केला. सुनेला टेबलाशी बसलेली बघून ती जिन्यात मला म्हणाली, "बसली नं घरात? झाला तुजा काम." मी तिला सुट्टे पैसे दिले आणि दार लावलं.

नात तापाची पोर म्हणून वाढली. पोहायचं नाही, गार पाणी नाही, शाळेची सहल नाही. सुनेच्या पर्समध्ये थर्मामीटर असायचंच. नात स्वतःच कुणाला सांगायची, "मला ताप चढला तर झटके येतात." तिला एकदाही आले नव्हते.

दोन वर्षांपूर्वी महिला दिनाला इथल्या एका मंडळाने स्वतःचा व्यवसाय करणाऱ्या बायकांचा सत्कार केला. सून बोलायला उभी राहिली. म्हणाली, "माझ्या सासऱ्यांनी त्या दिवशी वेळेवर फोन केला नसता तर माझी मुलगी आज नसती. आणि नोकरी सोडल्यावर एका शब्दाने ते मला बोलले नाहीत." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला वर बोलावलं, शाल आणि नारळ दिला. मी हात पुढे करून ते घेतलं.

या वर्षी, दिवाळीनंतर, तिच्या जुन्या कंपनीतून निरोप आला. आता तिथे नवी माणसं आहेत. त्यांना संपूर्ण क्वालिटी विभाग सांभाळायला कुणीतरी हवं होतं आणि तिचं नाव कुणीतरी सुचवलं होतं. सोमवारपर्यंत उत्तर द्यायचं होतं. चार दिवस ती वेगळीच दिसत होती. एकदा स्वयंपाकघरात तिला गुणगुणताना मी ऐकलं, आणि ते मी सात वर्षांत ऐकलं नव्हतं हे तेव्हा लक्षात आलं.

रविवारी जेवताना तिने विषय काढला. मुलगा म्हणाला, तू ठरव, मला चालेल. ती बराच वेळ भात चिवडत होती. मग म्हणाली, "जावंसं वाटतं. खोटं कशाला बोलू? पण आत मोबाइल नसतो. हिला ताप चढला आणि निरोप येईपर्यंत... एकदा भोगलंय ते. नको." नात ताटावरून मान वर न करता म्हणाली, "आई, मी मोठी झालेय." मी ताक मागितलं.

त्या दिवशी दुपारभर मी तिच्या टेबलासमोरच्या खुर्चीत दोनदा जाऊन बसलो. पहिल्यांदा ती फोनवर होती. दुसऱ्यांदा तिने "काय हवंय, बाबा?" असं विचारलं आणि मी चहा म्हणालो. संध्याकाळी मुलगा वापीला गेला. सोमवारी सकाळी मी ठरवलं की तिची कामं आटोपू देत. मग ठरवलं, जेवण होऊ दे. जेवण झाल्यावर मी सांगितलं. वहीतला आकडा, वॉचमनशी गप्प राहणं, औषध, खाली गेलेली गाडी, सगळं. मध्ये थांबलो असतो तर पुढे बोलता आलं नसतं.

तिने आधी विचारलं, "तिला औषध पाजलंत? ताप नसताना?"

"हो."

"किती?"

"अर्धा चमचा."

ती उठून खिडकीपाशी गेली. मग तिने मला जे कधीच सांगितलं नव्हतं ते सांगितलं. बस नव्हती म्हणून ती वसाहतीच्या फाटकाशी रिक्षात बसली, आणि बोईसरपासून पालघरपर्यंत त्या रिक्षावाल्याला एकच विचारत होती, अडीच वर्षांच्या मुलांना जाळतात की पुरतात. तो बिहारकडचा होता. तो म्हणत होता, "दीदी, ऐसा मत बोलिए." शेवटी तो रडायला लागला आणि त्याने भाडं घेतलं नाही. "मी वॉचमनला विचारलं होतं, काय झालंय," ती म्हणाली. "तो म्हणाला, बाबूजी बोल नहीं पा रहे थे."

मी म्हणालो, "कंपनीला अजून हो कळवता येईल. आज सोमवारच आहे."

"सकाळी अकरालाच ‘नाही’ म्हणून कळवलं." तिने माझ्याकडे बघितलं. "त्यांचं उत्तर आलंसुद्धा, त्यांनी दुसऱ्या माणसाला होकार दिला. आणि नसता दिला तरी आता काय लिहू? सासऱ्यांचं रीडिंग चुकलं होतं?"

अकराला मी शेजारच्या खोलीत पेपर वाचत होतो.

तिने मुलाला त्याच संध्याकाळी सांगितलं. तो अजून माझ्याशी फोनवर बोलत नाही, शनिवारी आला की जेवण झालं का एवढं विचारतो. खालच्या मंडळींतल्या एकाला मी सगळं सांगून बघितलं. तो माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "अहो, सोडा. तुमच्यामुळेच तर ती एवढी पुढे गेली. काय दूरदृष्टी." दुसऱ्याला सांगितलं तर त्याला वाटलं मी मोठेपणा दाखवतोय. म्हणून मी सुनेला विचारलं की हे लिहून छापायला दिलं तर तिची हरकत आहे का. ती कागद आवरत होती. म्हणाली, "लिहा. पण आधी हिला सांगा. मी सांगणार नाही. ते तुम्हीच सांगायचं."

नात शाळेतून आली. साडेनऊ वर्षांची आहे. मी तिला समोर बसवलं आणि सोप्या शब्दांत सांगितलं की ती लहान असताना तिला मोठा ताप कधी आलाच नव्हता, मी तो खोटा लिहिला होता, तिला झटक्यांची भीती नाही आणि नव्हती. सून टेबलाशी पाठमोरी बसली होती. तिच्या टायपिंगचा आवाज थांबला होता.

नातीने विचारलं, "मग मी पोहायला जाऊ शकते?"

"हो," सून न वळता म्हणाली.

नात थोडा वेळ पायाने खुर्चीला ठोके देत बसली. तिला आनंद झाला असेल असं मला वाटलं. मग ती म्हणाली, "आजोबा, पण तुम्ही असं का केलं?"

मी शब्द जुळवायला लागलो. म्हातारपण, एकटेपण, तिची आजी गेलेली. ती ऐकत होती. मग तिनेच विचारलं, "तुम्हाला माझा कंटाळा आला होता?"

सुनेने मान वळवली. नाही म्हणणं सोपं होतं, आणि नातीला तेच ऐकायचं होतं, हे मला दिसत होतं.

मी हो म्हणालो.

तिने दप्तर उचललं, आतल्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं. सून पुन्हा टाइप करायला लागली. मी तिथेच बसून राहिलो.